मॅडमनी न सांगितलेला अर्थ

"बाई, एक म्हातारी आलीया. बसा म्हटलं तर बसंना. मघाधरनं उभीच हाय."

हौसाबाई दारात उभी राहून सांगत होती. मी नुकताच जेवणाचा डबा उघडला होता. आटपाडीतला चैत्र, बाहेर रस्त्यावर कुत्रंही फिरकत नव्हतं. अशा वेळी माझ्या दवाखान्यात जी बाई येते ती एकतर अडलेली असते, नाहीतर लपून आलेली.

"नाव काय सांगितलं?"

"सुमन जोशी. येस्टीनं आल्यात. समदी वाट उभ्यानं आल्यात म्हणं. गाडी रिकामी हुती तरी."

रिकाम्या गाडीतून उभ्याने आलेली बाई. मी डब्याला झाकण लावलं आणि आत पाठव म्हणाले.

पडदा सरकला. "येऊ का, मगदूम?"

मी ताडकन उभी राहिले. कॉलेज सोडून वीस वर्षं झाली होती, पदरी दोन पोरं होती, माझ्या फटकळ तोंडाला अर्धा तालुका वचकून होता. पण त्या आवाजाने 'मगदूम' म्हटलं की पाय आपोआप जुळायचे. त्या डॉक्टर प्रमिला उपळेकर होत्या. आमच्या मेडिकल कॉलेजात तीस वर्षं त्यांनी ॲनाटॉमी शिकवली. जिल्ह्यातला एकही डॉक्टर त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय डॉक्टर झालेला नव्हता.

"मॅडम, तुम्ही? आणि हे सुमन जोशी काय?"

"आधी तुझ्या त्या बाईला बाहेर पाठव."

हौसाबाई गेली. मी खुर्ची पुढे केली. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि टेबलाच्या कडेला हात टेकून उभ्याच राहिल्या. तेच पांढरं काठाचं लुगडं, तोच घट्ट अंबाडा. पण गालाची हाडं वर आली होती आणि अंगाला अत्तराचा वास येत होता. उपळेकर मॅडम आणि अत्तर! आमच्या वेळी त्यांच्या अंगाला फॉर्मालिनशिवाय दुसरा वास आम्ही घेतला नव्हता.

त्या माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत बोलू लागल्या. "पेशंट स्त्री, वय त्रेसष्ट, अविवाहित. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. पूर्वी कुठलंही ऑपरेशन नाही."

केस मांडत होत्या. स्वतःचीच.

"तक्रार?" मी विचारलं.

"लेबियम माजस, डावी बाजू. अल्सर. कडा उलटलेल्या. दोन्ही इंग्वायनल नोड्स वाढलेले, उजवीकडचे फिक्स्ड."

मांड्यांमधल्या त्या जागेचं नाव लॅटिनमध्ये घेताना आवाज खणखणीत होता, व्हरांड्यापर्यंत ऐकू जाईल असा. मी मराठीत विचारलं, "जखम केव्हापासून आहे, मॅडम?" तर त्या तक्त्यावर जणू उत्तर लिहिलंय अशा बघत राहिल्या.

"मॅडम, केव्हापासून?"

"दोन दिवाळ्या झाल्या."

मी त्यांना टेबलावर घेतलं. म्हणजे घ्यायला मला बराच वेळ लागला. त्यांनी डोळ्यांवर पदर घेतला. मी या कामात आयुष्य काढलेली बाई, मला किळस म्हणून माहीत नाही. पण त्या दिवशी मला उठून खिडकी उघडावी लागली. अत्तर का होतं ते कळलं. जांघेत लिंबाएवढ्या गाठी होत्या आणि एक फुटायच्या बेतात होती. जखमेवर त्यांनी घरचं कैलासजीवन चोपडलं होतं. माणसाच्या शरीरातली एकेक नस ज्यांना डोळे मिटून सांगता यायची, त्यांनी कॅन्सरवर कैलासजीवन लावलं होतं.

मला राग आला. मला वाईट वाटलं की आधी राग येतो, हा माझा स्वभावच आहे.

"तुम्ही अशिक्षित आहात का? माझ्याकडे माणदेशातल्या मेंढरं राखणाऱ्या बायका याच्याआधी येतात! तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं असणार हे काय आहे ते."

"पहिल्या आठवड्यात कळलं," त्या पदराखालून म्हणाल्या.

"मग?"

"मग कुणाकडे जाऊ?" त्या उठून बसायला लागल्या, आणि बसता येत नाही हे आठवून एका कुशीवर वळल्या. "आपल्या कॉलेजात? तिथे गायनॅकला हेड कोण आहे? घाटगे. पहिल्या वर्षाला व्हायव्हाच्या वेळी माझ्यापुढे रडला होता. मी त्याला पाणी दिलं होतं. त्याच्यापुढे पाय फाकून निजू? आणि तो एकटा थोडाच येणार! टीचिंग हॉस्पिटल आहे. सोबत दहा-बारा पोरं. पडदा ओढतात, पण पडद्याच्या आतच असतात सगळी."

"खासगी डॉक्टर होते ना गावात."

"नावं सांग."

मी नावं आठवली. पाटणकर, मोमीन, चिवटे, बाबर. सगळे त्यांचेच विद्यार्थी.

"लांब गेले होते," त्या म्हणाल्या. "मोठ्या शहरात. तिथे मला कोण ओळखणार म्हणून. केसपेपरवर सुमन जोशी लिहिलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी आत घेतलं, टेबलावर चढा म्हणाल्या, चढले. आणि पडदा बाजूला करून एक पोरगा आत आला, गळ्यात स्टेथो. मला बघितलं आणि वाकला. पाया पडला गं माझ्या! मी टेबलावर, पायातली चप्पल काढलेली, आणि हा पायावर डोकं ठेवतोय. म्हणतो, मॅडम, तुम्ही इकडे कशा? मी शिंदे, अमक्या बॅचचा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"म्हटलं, घसा बघायला आले होते, चुकून इकडे आले. त्याने मला स्वतः कान-नाक-घशाच्या विभागात नेऊन सोडलं. तिथे मी घसा दाखवला. गोळ्या घेऊन परत आले."

हे सांगताना त्या हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू कोसळलं. हौसाबाईने पडद्यातून डोकं आत घातलं, तिला मी हाकलून दिलं.

उपळेकर मॅडमचा वर्ग म्हणजे काय होता हे इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिल्या दिवशी आम्ही घाबरलेली खेड्यापाड्यातली पोरं बसलेली. त्या आल्या, हातात एक हाड होतं. म्हणाल्या, "नाव पाठ करू नका. नाव बघायला शिका. ज्या माणसाने हे नाव ठेवलं, त्याच्या घरात काय होतं ते बघा." मग एकेक सांगायच्या. क्लेव्हिकल म्हणजे छोटी किल्ली. पॅटेला म्हणजे छोटी थाळी. पेल्व्हिस म्हणजे घंगाळ. माकडहाडाचं नाव कोकिळेच्या चोचीवरून पडलंय, आणि मांडी घालून बसायचा स्नायू तो शिंप्याचा. मुडद्यांच्या त्या हॉलमध्ये, नाकाला झोंबणाऱ्या वासात, आमच्यापुढे एक अख्खं घर उभं राहायचं, भांडीकुंडी आणि पाखरांसकट. माझ्यासारखी वडगावच्या शेतकऱ्याची मुलगी ॲनाटॉमीत पहिली आली ती त्यामुळे.

मी त्यांना पाणी दिलं. जखम धुतली, ड्रेसिंग केलं. त्या आता जरा शांत दिसत होत्या. कुशीवर पडून छताकडे बघत होत्या.

"मगदूम, या भागाचं नाव काय?"

मला वाटलं परीक्षा घेतायत. "पुडेंडम."

"अर्थ?"

मला येत नव्हता. तेव्हा कुठे ध्यानात आलं की हा एकच शब्द असा होता की ज्याचा अर्थ मला माहीत नव्हता. पुडेंडल नर्व्ह, पुडेंडल आर्टरी, बाळंतपणात तिथे सुई द्यायचा पुडेंडल ब्लॉक, रोज तोंडात असलेला शब्द. पण त्याच्यामागे ना किल्ली होती ना थाळी.

"तुम्ही सांगितला नव्हता," मी म्हटलं.

"तीस बॅचेसना नाही सांगितला. तिथे आले की म्हणायचे, हे घरी वाचा, आणि पान उलटायचे." त्यांनी डोळे मिटले. "लॅटिन आहे. पुडेरे म्हणजे लाजणे. पुडेंडम म्हणजे ज्याची लाज बाळगली पाहिजे ते. पूर्वी पुरुषांच्यालाही हेच म्हणत. पुढे पुरुषांचं सुटलं, बायकांचं राहिलं. बघ ना. गुडघ्याकडे बघितलं आणि म्हणाले, थाळी आहे. गळ्याखाली बघितलं, म्हणाले, किल्ली आहे. इथे मात्र बघितलंच नाही. बाकी सगळ्या अवयवांना नाव दिलं मगदूम, याला नुसती नावं ठेवली."

"आपल्याकडे तरी काय वेगळं आहे," मी म्हटलं. "गुह्य. म्हणजे झाकायचं."

"तेच. वर्गात उभं राहून हा अर्थ सांगायचा म्हणजे त्या जागेबद्दल दोन वाक्यं बोलायला लागली असती. समोर साठ पोरं. मला नाही जमलं." जरा थांबून म्हणाल्या, "मला वाटायचं, तो रोमन कुणीतरी मूर्ख माणूस होता. दोन वर्षं झाली, तो माझ्याच घरात राहतोय."

ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी मी वाद घातला. सीमेपलीकडे कर्नाटकात एका धर्मादाय दवाखान्यात, जिथे मराठी डॉक्टरच नव्हता, तिथे त्यांना सुमन जोशी म्हणून घेऊन गेले. रेडिएशनचा शेक दिला. गाठींचा ठणका थोडा कमी झाला, एवढंच. त्यानंतर दर आठवड्याला मी ड्रेसिंगला त्यांच्या घरी जायला लागले. घरात त्या आणि त्यांचे धाकटे भाऊ दिगंबरराव, रेल्वेच्या माल-कचेरीतून निवृत्त झालेले, विधुर. त्यांना मॅडमनी सांगून ठेवलं होतं की मणक्याचं दुखणं आहे, आणि ही मगदूम मसाजाला येते.

"मसाजाला?" मी भडकले. "एमडी आहे मी!"

"असू दे. थोडा वेळ मसाजवाली हो."

दिगंबरराव अबोल गृहस्थ. मी आले की "या डॉक्टर," म्हणायचे, चहा ठेवायचे आणि पिशवी घेऊन मंडईत निघून जायचे. येईपर्यंत आमचं आटोपलेलं असायचं.

पावसाळ्यानंतर मॅडम अंथरुणाला खिळल्या. एके दिवशी ड्रेसिंग झाल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. पकड अजून तशीच होती.

"एक काम आहे. माझं देहदान रद्द करायचंय."

मला आधी कळेचना. देहदान म्हणजे उपळेकर मॅडम, असं त्या गावात समीकरण होतं. गणपतीत, महिला मंडळात, रोटरीच्या सभेत, जिथे बोलावतील तिथे त्या जायच्या. लोक म्हणायचे, अहो, पण पोरं उघडंनागडं बघणार, कसंसंच वाटतं. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "मढ्याला कसली आलीये लाज!" लोक हसायचे आणि सही करायचे. पहिली सही त्यांची स्वतःची होती. तिचा कॉलेजात समारंभ झाला होता, शाल-नारळ देऊन.

"मॅडम, तुम्हीच..."

"मी दुसऱ्यांच्या मढ्यांबद्दल बोलत होते." त्या धापा टाकत होत्या. "मढ्याला लाज नसते हे मला कुणी सांगितलं होतं? मला ते टेबल माहीत आहे. पहिल्या दिवशी पोरं कुठे बघतात तेही माहीत आहे. आणि तिथे उभा कोण असणार? माझाच लेक्चरर. 'बघा, मॅडमना काय झालं होतं.' नको. मला जाळा."

"बरं. मी सांगते त्यांना."

"आत्ता नको. मी गेल्यावर दिगूला सांग. आणि कारण सांगायचं नाही. कुणालाच. दिगूला तर नाहीच नाही. माझी शपथ आहे तुला."

मी शपथ घेतली. लाज वाचवायला लाजेचं कारण लपवायचं, हे कसं जमवणार होते देव जाणे. पण मरणाऱ्या माणसाशी वाद घालत नाहीत.

त्या कार्तिकात गेल्या. दोन दिवस ताप होता, मग शुद्ध गेली. सकाळी दिगंबररावांचा फोन आला, "डॉक्टर, अक्का गेली." मी गाडी काढली. त्यांच्या घरापाशी पोचले तर दारात कॉलेजची व्हॅन उभी. दिगंबररावांनी कर्तव्य म्हणून मला फोन करायच्या आधी कॉलेजला फोन केला होता. अंगणात पांढऱ्या कोटातली पोरंपोरी रांगेने उभी होती, एकीच्या हातात भलं मोठं पुष्पचक्र. स्थानिक पेपरचा फोटोवाला. आणि डीन निंबाळकर, माझ्या दोन वर्षं पुढचे, डोळे लाल झालेले. ते ढोंग नव्हतं. मॅडमवर सगळ्यांचाच जीव होता, आणि पंचाईत नेमकी तीच होती.

"शालन, बरं झालं आलीस," निंबाळकर म्हणाले. "मॅडमचा शेवटचा वर्ग. पोरांना मी तेच सांगितलं. आम्ही स्ट्रेचर आत घेतो."

मी दारात आडवी उभी राहिले. "थांबा, सर. देह घेता येणार नाही. त्यांना कावीळ होती. बी. संसर्गाचा धोका आहे."

"कावीळ? मणक्याचं होतं ना?"

"शेवटी शेवटी झाली."

"टेस्ट कुठे केली?"

मी गडबडले. मला खोटं बोलता येत नाही, ओरडता येतं. निंबाळकरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ, आम्ही कॉलेजात नेऊन तपासतो. नीट सगळी तपासणी करू. खरंच तसं असलं तर सन्मानाने परत आणू. मॅडमची इच्छा अशी ऐकीव गोष्टीवर मोडायची नाही."

नीट सगळी तपासणी. गप्प राहिले तर नेणार होते, आणि खरं सांगितलं तर शपथ मोडणार होती, तीही भर अंगणात, त्यांच्याच पोरांपुढे. मी "सर, ऐका" म्हणून तोंड उघडलं, पण पुढे काय बोलणार होते ते आजही मला माहीत नाही. कारण मागून दिगंबररावांचा आवाज आला.

"नाही न्यायचं."

ते उंबऱ्यात उभे होते. धोतर, उघडं अंग, खांद्यावर पंचा. "चूक माझी झाली, निंबाळकर साहेब. अक्कानं मला सांगून ठेवलं होतं. देहदान नको, अग्नी दे, म्हणाली होती. मी सकाळी गडबडीत विसरलो आणि तुम्हाला फोन केला. माफ करा."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मॅडमनी त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"पण काका, का?" निंबाळकर कळवळून म्हणाले. "गावातल्या शेकडो लोकांनी त्यांच्या शब्दावर सह्या केल्यात. आता काय सांगू मी त्यांना? स्वतःवर वेळ आल्यावर मॅडम मागे हटल्या, असं?"

"तसंच सांगा," दिगंबरराव म्हणाले, आणि हात जोडून उभे राहिले.

व्हॅन रिकामी गेली. पोरांनी पुष्पचक्र फाटकाला टेकवून ठेवलं. एक पोरगा जाता जाता दुसऱ्याला म्हणाला, "म्हातारपणी सगळे देवभोळे होतात रे," आणि मी त्याच्या मुस्काटात मारायची राहिले. पुढे पेपरात तसंच काहीतरी आलं. त्या वर्षी बऱ्याच जणांनी आपले देहदानाचे अर्ज मागे घेतले, असं निंबाळकरांनी मला नंतर सांगितलं. तीस वर्षं जोडलेलं नाव एका सकाळीत गेलं. एवढी किंमत मॅडमनी मोजली असती का, मला माहीत नाही. त्यांच्या वतीने आम्ही दोघांनी मोजून टाकली.

व्हॅन गेली तशी शेजारच्या कानिटकर वहिनी आणि आणखी दोघीतिघी पदर खोचून पुढे आल्या. "चला, आंघोळ घालून घेऊ या."

हे मी विसरलेच होते. मढ्याला आंघोळ घालतात. बायकाच घालतात.

"मी घालते," मी म्हटलं.

"तुम्ही एकट्या? अहो, आम्ही आहोत ना. इतक्या वर्षांचा शेजार."

"काविळीचा संसर्ग असतो. मी डॉक्टर आहे, मी घालते."

वहिनींना ते पटलं नाही, पण संसर्ग म्हटल्यावर त्या दोन पावलं मागे सरल्या. दिगंबररावांनी आणि मी मॅडमना उचलून न्हाणीघरात नेलं. वजन राहिलंच नव्हतं. त्यांना फरशीवर ठेवल्यावर ते बाहेर गेले आणि मी आतून दार लोटून घेतलं.

"गरम पाणी मी देतो," ते बाहेरून म्हणाले.

दार अर्धवट उघडायचं, पाठमोरा एक हात आत यायचा, बादली ठेवायचा. मी पट्ट्या सोडवल्या. कर्नाटकातल्या शेकाने कातडी काळी पडली होती. गाठ फुटली होती. मी पाणी ओतत राहिले, कापसाने पुसत राहिले. बाहेर ओसरीवर बायकांची कुजबुज चालली होती.

"डॉक्टर." दारापलीकडून आवाज आला. ते तिथेच उभे होते, दाराकडे पाठ करून.

"काय?"

"मघाशी मी खोटं बोललो. अक्का मला काही म्हणाली नव्हती."

"मला माहीत आहे."

"तुम्हीही खोटंच बोललात."

मी दुसरा कापूस भिजवला. शपथ अजून माझ्या मानेवर होती.

"तुम्ही नका सांगू," ते म्हणाले. "तिनं घातलीच असेल शपथ. काय रोग ते मला कळलं नव्हतं. पण कुठे आहे, ते कळलं होतं. मागल्याच्या मागल्या दिवाळीपासून."

मी कापूस खाली ठेवला.

"ती आपलं धुणं वेगळं धुवायची. दिवेलागणीनंतर परसात वाळत घालायची. डाग जायचे नाहीत सगळे. कानिटकरांच्या गच्चीवरनं आमचं परस दिसतं. मग मी पहाटे उठून ते उलटवून टाकायचो. डाग आतल्या बाजूला जाईल असं."

"त्यांना कळलं नाही?"

"कळलं असणारच. घातलेलं तसं सकाळी दोरीवर नसायचं. पण ती काही बोलली नाही, मी काही बोललो नाही. मग चहा घ्यायचो दोघं."

मला जो संताप आला तो कुणावर आला हे मला आजही नीट सांगता येत नाही. ओसरीवरच्या बायका ऐकतील याचंही भान राहिलं नाही.

"दोन वर्षं? अहो, पहिल्या दिवाळीला विचारलं असतंत तर त्या आज जिवंत असत्या! एकदा विचारायला काय झालं होतं तुम्हाला?"

बाहेर ओसरी एकदम शांत झाली. दिगंबरराव निघून गेले असं वाटलं मला. मी मॅडमच्या पायांवर पाणी ओतलं.

"कसं विचारायचं, डॉक्टर?" ते म्हणाले. आवाज इतका खाली होता की मला दाराला कान लावावा लागला. "गुडघा दुखतो का, विचारता येतं. छातीत कळ येते का, विचारता येतं. मंडईतून येताना मी रस्ताभर वाक्य जुळवत यायचो. 'अक्का, तुला...' इथवर यायचं. पुढे शब्दच नाही. आमच्या घरात त्या जागेला शब्दच नव्हता. आईच्या तोंडून कधी ऐकला नाही, अण्णांच्या तोंडून नाही. माल-कचेरीत हमालांच्या शिव्यांतले ऐकले होते, ते मी आईसारख्या बहिणीपुढे कसे काढू? कितीदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. ती मान वर करून बघायची. तिला वाटायचं, आज हा विचारतोय. मलाही वाटायचं, आज विचारावं."

"मग?"

"मग भाजी कुठली करू, असं विचारून परत यायचो."

दार थोडं उघडलं. पाठमोरा हात आत आला आणि बादली ठेवून गेला. पाणी चांगलं कडकडीत होतं. मी त्यात गार पाणी घातलं, हाताने ढवळून बघितलं, आणि मॅडमची आंघोळ पुरी केली.